घरी पहिल्यांदाच जमिनीतला स्विमिंग पूल करतोय, बजेट नेमकं कसं धरायचं?

अंगणातली_चिमणी:

नमस्कार मंडळी. घरामागे मोकळी जागा आहे, साधारण १८ मीटर बाय १२ मीटर, तिथे जमिनीत पूल करायचा असं आम्ही यंदा नक्की केलंय, गेली ६-७ वर्षं नुसतं बोलणंच चाललं होतं. घरात मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ३ वर्षांची आणि सासूबाई, त्यांना गुडघ्यांसाठी पाण्यात चालायचा व्यायाम सांगितलाय. आमच्या मनात आहे तो १० मीटर बाय ५ मीटरचा पूल, एका टोकाला १.१ मीटर खोल आणि दुसऱ्या टोकाला २.४, म्हणजे मुलगा मोठा झाला की त्याला सूर मारता येईल.

तिघांकडून कोटेशन घेतलीत आणि तिथेच अडलंय. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकड्यात जवळजवळ दुपटीचा फरक आहे आणि तिघंही सांगतात की यात सगळं आलं. दोघांचं आरसीसीचं (सळया घालून ओतलेल्या काँक्रीटचं) आहे, एकाचं तयार फायबरग्लासचं. आम्हाला कर्ज काढायचं नाहीये, जेवढे साठवलेत तेवढ्यातच बसवायचंय, म्हणून विचारते की कोटेशनच्या वर अजून किती बाजूला ठेवायचे, कुठे हात आखडता घेतला तर चालतं आणि कुठे अजिबात चालत नाही, आणि पूल झाल्यावर दर महिन्याला काय काय लागतं? ज्यांनी स्वतः केलाय किंवा बांधून दिलाय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

सिव्हिल_माणूस:

ताई, कोटेशन बाजूला ठेवा आणि आधी जमीन बघा. तिघांपैकी एकाने तरी खड्डा घेऊन माती बघितली का? नसेल बघितली तर तिन्ही आकडे अंदाजाचे आहेत, खाली काय आहे हे कोणालाच माहीत नाही. पूल जिथे यायचाय तिथे दोन टोकांना दोन ट्रायल खड्डे घ्या, पूलच्या सगळ्यात खोल भागापेक्षा निदान अर्धा-पाऊण मीटर जास्त खोल, आणि ते लगेच बुजवू नका, कठडा बांधून झाकून दोन-तीन दिवस राहू द्या. खडक लागतो का, फुगणारी चिकणमाती आहे का, की जुना भराव आहे आणि पाणी झिरपून वर येतं का एवढं त्यातून कळतं. खडक लागला तर फोडायचा खर्च वेगळा, भराव लागला तर खालपर्यंत काढून नवीन थर देऊन धुम्मस करायची (ठोकून घट्ट बसवायचा), फुगणाऱ्या मातीत स्लॅबचं आणि भिंतीचं डिझाइनच बदलतं. हे सगळं खोदाई सुरू झाल्यावर कळलं की ठेकेदार "एक्स्ट्रा" लावतो आणि तेव्हा तुमच्याकडे दुसरा पर्याय नसतो, अंगणात एवढा मोठा खड्डा पडलेला असतो.

भूजलाचं तर नीट समजून घ्या, कारण लोकांना वाटतं पाणी आतून बाहेर जाऊ नये एवढीच काळजी घ्यायची. बाहेरून आत येणारा दाब जास्त धोक्याचा. तुमच्या मापाचा पूल, २० सेंटिमीटर जाडीचा आरसीसी शेल (तळ आणि भिंती मिळून होणारं कवच) धरला तर त्याचं वजन ५५ टनांच्या आसपास होतं, पण तो जमिनीत जेवढी जागा व्यापतो तेवढं पाणी १०० टनांच्या वर. म्हणजे आजूबाजूला भूजल काठापर्यंत चढलेलं असताना तुम्ही पूल साफसफाईसाठी रिकामा केला तर तो अख्खा होडीसारखा वर उचलला जाऊ शकतो, आणि फायबरग्लास तर अजूनच हलकं. म्हणून पाणी वर असलेल्या जागेत शेलखाली खडीचा थर, त्यातून पाणी गोळा करायची संप विहीर आणि तळाला हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व (बाहेरचा दाब वाढला की खालचं पाणी आत घेणारा) हे लागतंच. बांधतानाच टाकलं तर त्याचा खर्च एकूण कामात फारसा जाणवत नाही, नंतर टाकणं जवळपास अशक्य.

आता माती उचलण्याचं. १० बाय ५ च्या पूलसाठी प्रत्यक्षात खोदायचं साधारण ११ बाय ६, कारण भिंतीची जाडी आणि माणसांना फिरायला जागा लागते. सरासरी २.२ मीटर खोल धरलं तर १४५ घनमीटर. ती माती सुटी झाली की साधारण पाव हिश्शाने फुगते, म्हणजे १८० घनमीटर, १० घनमीटरचा डंपर धरला तर १८ खेपा. कोटेशनमध्ये "खोदाई" लिहिलंय की "खोदाई आणि माती बाहेर नेऊन टाकणे" लिहिलंय हे वाचा, फरक तिथेच निघेल. मागे मशीन जायला वाट किती रुंद आहे तेही मोजा, वाट अरुंद असेल तर लहान मशीन किंवा मजूर, दिवस वाढतात आणि पैसेही.

अजून एक, घराच्या पायाच्या तळापासून पूलच्या दिशेने ४५ अंशात खाली एक रेघ मनात ओढा, खोदाई त्या रेघेच्या आत शिरत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय फावडं लावू देऊ नका. गटाराची लाइन, सेप्टिक टँक, विजेची केबल कुठून गेलीय तेही आधी कागदावर काढा.

कोटेशनच्या वर किती? माती बघून झाल्यावर १० ते १५ टक्के. माती न बघता मी आकडाच सांगणार नाही.

रोज_पोहणारा:

वरचं सगळं पटलं, मी फक्त मापाबद्दल बोलतो कारण आम्ही तिथेच चुकलो. आमचा पूल तुमच्याच विचाराने मोठा आणि खोल केला, आता ११ वर्षं झाली, खोल टोकाला वर्षातून चार दिवस कोणी जात असेल. सगळे उभं राहता येईल तिथेच असतात, गप्पा तिथे, खेळ तिथे, मुलं तिथे.

हिशोब बघा. तुमचा १० बाय ५, सरासरी खोली १.७५, म्हणजे ८७.५ घनमीटर, ८७,५०० लिटर पाणी. तेच ८ बाय ४ केला आणि १ मीटर ते १.५ मीटर खोल ठेवला तर सरासरी १.२५, म्हणजे ४०,००० लिटर. निम्म्याहून कमी! आणि हा फरक एकदाच पडत नाही, पंप किती मोठा, फिल्टर किती मोठा, क्लोरीन किती, गरम करायला वीज किती, सगळं यावरूनच ठरतं आणि दरवर्षी ठरतं. एवढं पाणी एक अंशाने गरम करायचं तर ४०,००० लिटरला साधारण ४६-४७ युनिट इतकी उष्णता लागते, ८७,५०० ला १०० च्या वर. हीट पंप घेतला तर तो ओढलेल्या विजेच्या चार-पाच पट उष्णता देतो म्हणून बिल तेवढ्या पटीने उतरतं, पण दोन पूलांमधला दुपटीचा फरक तसाच राहतो.

सूर मारण्याबद्दल कळकळीने सांगतो, २.४ मीटर खोली आहे म्हणून सूर मारता येतो असं नाही. सूर मारल्यावर माणूस नुसता खाली जात नाही, पुढे सरकतो, आणि १० मीटरच्या पूलमध्ये तळ पुढे लगेच वर चढायला लागतो, डोकं त्या चढाला आपटतं. मानेला होणाऱ्या इजा अशाच होतात. मुलाला सूर शिकायचा असेल तर त्यासाठी बांधलेल्या मोठ्या तलावावर कोचकडे पाठवा, घरच्या पूलला काठावर "सूर मारू नये" असंच लिहा.

सासूबाईंसाठी शिडी पुरणार नाही, गुडघे दुखत असताना उभी शिडी चढता येत नाही. रुंद पायऱ्या करा, एका बाजूला पक्का दांडा. आणि १ ते १.२ मीटर खोलीचा सपाट पट्टा लांबीच्या बाजूने ठेवा, त्यांना चालायला.

पाणी उडून जातं हेही धरा. उन्हात, वाऱ्यात दिवसाला ५ मिलिमीटर सहज कमी होतं. ३२ चौरस मीटरच्या पूलला ते १६० लिटर रोजचे. कव्हर घेतलं तर हे बरंच थांबतं आणि उष्णतासुद्धा, कारण पूल थंड होतो तो मुख्यतः वाफेमुळे. आम्ही कव्हर तीन वर्षं उशिरा घेतलं याचं आजही वाईट वाटतं.

अंगणातली_चिमणी:

बापरे, दोघांचेही खूप आभार. माती कोणीच बघितली नाहीये, आत्ता फोन करून विचारलं, एक जण म्हणाला इथे सगळीकडे चांगलीच जमीन आहे. माती उचलण्याचं एकाच कोटेशनमध्ये लिहिलंय, आणि तेच सगळ्यात महाग वाटत होतं!

खोली कमी करायला ह्यांची हरकत नाही. फायबरग्लास की आरसीसी हे कोणी सांगेल का? आणि पंप-फिल्टरचं आम्हाला ओ की ठो कळत नाही, तिघांनी तीन वेगवेगळे एचपी लिहिलेत. एकाने ओव्हरफ्लो पूल करा म्हणून खूप आग्रह धरलाय.

जुना_पंप:

माझं काम पूलच्या देखभालीचं, बांधायचं नाही, त्यामुळे लोकांनी वाचवलेले पैसे पुढे कुठे जातात ते रोज बघतो.

फायबरग्लास हे कारखान्यातून तयार होऊन येतं, त्यामुळे माप आणि आकार त्यांच्याकडे असेल तोच, आणि रस्त्यावरून आणायचं असल्याने रुंदीला मर्यादा. पृष्ठभाग गुळगुळीत, शेवाळ कमी धरतं, काम लवकर उरकतं. पण क्रेन घरामागे पोचली पाहिजे. आणि बसवताना आत पाणी भरत भरत बाहेरून त्याच उंचीने भराव टाकायचा असतो, घाई केली की भिंत फुगते. आरसीसीत हवा तो आकार, हवी ती खोली, पायऱ्या मनासारख्या, मात्र काँक्रीटला पुरी ताकद यायला २८ दिवस, त्यानंतर वॉटरप्रूफिंग, टाइल, सगळं धरून महिने लागतात आणि कारागिरीवर सगळं अवलंबून. टाइलच्या फटीत इपॉक्सी ग्राउट मागा, साधं सिमेंटचं ग्राउट पाण्याने खाल्लं जातं आणि काही वर्षांत फटी उघड्या पडतात. तिसरा प्रकार व्हिनाइल लायनरचा, सुरुवातीला स्वस्त पण साधारण १० वर्षांनी लायनर बदलायचं हे आजच बजेटमध्ये लिहून ठेवायचं. सासूबाईंच्या रुंद पायऱ्या आणि चालायचा पट्टा हे ऐकून मी तरी आरसीसीकडे झुकेन.

ओव्हरफ्लो दिसतो सुंदर, काठोकाठ पाणी. पण काठाने सांडलेलं पाणी साठवायला वेगळा बॅलन्स टँक बांधावा लागतो, चारी बाजूंनी चॅनल आणि जाळी, जास्त पाइप, आणि काठ सगळीकडे अगदी एका पातळीत हवा. घरच्या पूलला स्किमर (भिंतीतल्या तोंडातून वरवरचं पाणी आणि कचरा ओढून घेणारा भाग) पुरतो. पैसे मोजके असतील तर इथे वाचवा, अजिबात बिघडत नाही.

आता पंप. एचपी विचारू नका, ताशी किती पाणी ते विचारा. ४०,००० लिटर सहा तासांत एकदा पूर्ण फिरवायचं तर ताशी साधारण ६.७ घनमीटर लागतं. फिल्टर त्या प्रवाहाला पुरून थोडा मोठाच घ्यायचा. पंप मोठा आणि फिल्टर लहान अशी जोडी लावली की पाणी फिल्टरमधल्या वाळूतून जोरात निघून जातं आणि घाण अडकतच नाही, हे मी कित्येक ठिकाणी बघितलंय. व्हेरिएबल स्पीड पंप महाग पडतो खरा, पण पंपाचा वेग निम्मा केला की लागणारी पॉवर कागदावर आठव्या हिश्शावर येते, वेळ दुप्पट चालवला तरी तेवढंच पाणी पाव विजेत फिरतं. प्रत्यक्षात थोडं कमी वाचतं तरी पंप रोज चालणार म्हणून मी ह्यावर खर्च करा असंच सांगेन. पाइप जाड घ्या, वळणं कमी ठेवा. आणि पाइप बुजवायच्या आधी प्रेशर टेस्ट करून घ्या, फरशीखाली गळती शोधणं फार त्रासाचं.

वीज स्वस्तात करू नका, एवढं माझं ऐका. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे, सगळ्या पूल सर्किटला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच), चांगलं अर्थिंग, आणि शिडी, दांडे, पंप, सळया हे सगळे धातूचे भाग एकमेकांना बाँडिंगने, म्हणजे तारेने, जोडलेले. मेन ड्रेन (तळातून पाणी पंपाकडे ओढणारं तोंड) एकच नको, दोन हवेत, एकमेकांपासून निदान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यांना केस-हात अडकणार नाहीत अशा फुगीर जाळ्या. एकच ड्रेन असला आणि तो कोणाच्या अंगाने झाकला गेला तर पंपाची ओढ एवढी असते की मोठ्या माणसालाही सुटता येत नाही.

महिन्याच्या खर्चात वीज, क्लोरीन, अ‍ॅसिड, टेस्ट किट, बॅकवॉशचं (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुण्याचं) पाणी. पीएच ७.२ ते ७.८, फ्री क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवायची पाण्याची क्षमता) ८० ते १२० पीपीएम. हे आठवड्यातून दोन-तीनदा पाच मिनिटं तपासलं तर केमिकल फार लागत नाही, लागतं ते पाणी हिरवं झाल्यावर. ४०,००० लिटरला क्लोरीन १ पीपीएम वाढवायला शुद्ध क्लोरीन फक्त ४० ग्रॅम. ट्रायक्लोरच्या (क्लोरीनचा एक प्रकार) गोळ्या टाकत राहिलात तर त्यातलं, क्लोरीनला उन्हापासून जपणारं, सायन्युरिक अ‍ॅसिड साठत जातं, फार वाढलं की क्लोरीन असून नसल्यासारखं होतं आणि मग थोडं पाणी काढून नवीन भरणं हाच उपाय. सॉल्ट सिस्टिम (मिठाच्या पाण्यातून क्लोरीन बनवणारी) घ्यायची तर हजार लिटरला ३ ते साडेतीन किलो मीठ, म्हणजे तुम्हाला १२०-१४० किलो एकदा, पण तिचा सेल (क्लोरीन बनवणारा भाग) काही वर्षांनी बदलावा लागतो आणि ती रक्कम लहान नसते. क्लोरीन आणि अ‍ॅसिड एका कपाटात कधीही ठेवू नका, एकत्र आले की विषारी वायू होतो. दोन प्रकारचं क्लोरीनसुद्धा एका डब्यात मिसळू नका, पेट घेतं.

दोन_लेकींची_आई:

सगळं वाचलं, पण मूळ प्रश्नात ३ वर्षांची मुलगी आहे आणि कुंपण हा शब्द अजून कुठेच आला नाही म्हणून लिहितेय.

आमचा पूल झाला तेव्हा धाकटी अडीच वर्षांची होती. बिल्डरने कुंपण "नंतर बघू" यादीत टाकलेलं आणि आमचे पैसे डेकच्या फरशीत संपलेले, म्हणून आम्हीही म्हटलं की मागचं दार बंद ठेवू. एक दिवस कुरिअर घ्यायला पुढे गेले, परत आले तर मागचं सरकतं दार उघडं आणि ती पहिल्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलेली. काही झालं नाही. पण त्या पायरीच्या पुढे पाणी तिच्या डोक्यावरून होतं. त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो नाही, आणि कुंपण होईपर्यंत पंधरा दिवस पूल रिकामा तरी करता येतो का हेच विचारत होतो, तेव्हा कळलं की तसा रिकामाही करायचा नसतो.

लहान मूल बुडताना आवाज होत नाही, पाणी उडत नाही. १ ते ४ वर्षांच्या मुलांनाच सगळ्यात जास्त धोका असतो. कुंपण चारी बाजूंनी हवं, घराची भिंत ही चौथी बाजू धरायची नाही, कारण मूल घरातूनच येतं. उंची कमीत कमी १.२ मीटर, गजांमधलं अंतर १० सेंटिमीटरच्या आत, पाय ठेवून चढता येईल अशी आडवी पट्टी नको. फाटक आपोआप लागणारं, बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि कडी मुलांचा हात पोचणार नाही एवढी वर. जवळ खुर्ची, कुंडी ठेवायची नाही. कुंपण कोटेशनमध्येच घाला आणि लिहून घ्या की फाटक बसल्याशिवाय पाणी भरायचं नाही.

डेकचं मात्र कमी करा. तुमच्या मूळ मापाला चारी बाजूंनी दीड मीटर फरशी म्हणजे ५४ चौरस मीटर, पूल स्वतः ५० चौरस मीटरचा! आम्हालाही हे बिल आल्यावर कळलं. एका बाजूला बसायला रुंद ठेवा, बाकी तीन बाजूंना फक्त चालण्यापुरतं, आणि फरशी ओली असताना न घसरणारी घ्या. सासूबाई आहेत, त्यात तडजोड नको.

अंगणातली_चिमणी:

ताई, तुमचं वाचून हात थांबले. मुलगी आत्ता दोन महिन्यांपासून दाराची कडी स्टुलावर चढून उघडतेय. कुंपण आजच यादीत सगळ्यात वर लिहिलं.

काल रात्री बसून आम्ही परत मांडणी केली. पूल ८ बाय ४, खोली १ ते १.५, आरसीसी, स्किमर. सासूबाईंसाठी रुंद पायऱ्या आणि दांडा. हीटर आत्ता नाही, पण त्यासाठी पाइप आणि विजेची जागा सोडून ठेवायची. कव्हर आणि व्हेरिएबल स्पीड पंप पहिल्यापासून. डेक दोन टप्प्यांत, आत्ता बसायची बाजू आणि चालायची पट्टी, बाकी हिरवळ. साठवलेल्यातले १५ टक्के वेगळ्या खात्यात टाकले, आणि एका वर्षाचा वीज-केमिकलचा खर्च त्याहून वेगळा. तिघांनाही एकच यादी पाठवून परत आकडे मागवलेत, माती उचलणे, भूजल निघालं तर उपसा, वीज पंपापर्यंत आणणे, कुंपण, पहिलं पाणी भरणे असं प्रत्येकाचं वेगळं लिहून. परवा खड्डे घेतोय. पैसे कसे कसे द्यायचे हे कोणी सांगेल का, एक जण निम्मे आगाऊ मागतोय.

सिव्हिल_माणूस:

निम्मे आगाऊ देऊ नका. सुरुवातीला थोडे, मग खोदाई झाली, सळया बांधून तुमच्या इंजिनिअरने तपासल्या, काँक्रीट झालं, पाण्याची टेस्ट पास झाली, टाइल झाली, मशीन चालू झालं, असे टप्पे लिहून घ्या आणि काम झाल्यावर त्या त्या टप्प्याचे द्या. पाण्याची टेस्ट म्हणजे टाइल लावायच्या आधी नुसता शेल भरून निदान आठवडाभर ठेवायचा, काठावर खूण करायची आणि शेजारी एक बादली भरून ठेवायची. बादलीतलं जेवढं उतरलं ते उन्हाचं, शेलमधलं त्याहून जास्त उतरलं तर गळती. ही टेस्ट वगळून कोणी टाइल लावायला घेतली तर काम तिथेच थांबवा. शेवटचे ५ ते १० टक्के निदान एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवायचे, आणि करारातच तसं लिहायचं.

खड्ड्यात पाणी आलं तर किती खोलीवर आलं ते मोजून इथे टाका, खडीचा थर आणि संपचं काय करायचं ते त्यावरून सांगतो.

अंगणातली_चिमणी:

टाकते नक्की. खड्ड्यांभोवती कठडाही उद्याच बांधून घेतोय, मुलीसाठी.